काम काउंटीचं की शहराचं? सांता क्लारा काउंटीत नव्याने आलेल्यांसाठी

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे, सनीवेल, क्युपर्टिनो, मिल्पिटास या भागात नव्याने राहायला आलेला मराठी माणूस ‘काउंटी म्हणजे आपला जिल्हा’ असं धरून चालतो. नकाशावर ते बरोबर आहे, कामकाजात नाही. आपल्याकडे कलेक्टर कचेरी असते आणि तलाठ्यापासून प्रांतापर्यंत बहुतेक दोर तिथेच जाऊन मिळतात. काउंटीत असा एक साहेब नसतो. मतदारांनी निवडलेलं ५ सुपरवायझरांचं मंडळ धोरण आणि पैसा ठरवतं. शेरीफ (काउंटीचा पोलीस प्रमुख), डिस्ट्रिक्ट अटर्नी (सरकारी वकील) आणि असेसर (मालमत्तेची करपात्र किंमत ठरवणारा अधिकारी) हेही थेट निवडून आलेले असतात, त्यामुळे ते रोजच्या कामात मंडळाच्या हुकमाखाली नसतात. शिवाय काउंटीच्या हद्दीत १५ शहरं आहेत आणि प्रत्येकाचा कारभार स्वतंत्र आहे. चुकीच्या खिडकीवर तासभर रांग लावायची नसेल, तर काम कुणाच्या अखत्यारीतलं आहे हे आधी ठरवा. नंबर त्यानंतर शोधा.

आधी पत्ता तपासा

पोस्टाच्या पत्त्यात ‘सॅन होजे’ लिहिलेलं असलं म्हणजे घर सॅन होजे शहराच्या हद्दीत आहेच असं नाही. पोस्ट खातं शहराचं नाव टपालाच्या सोयीसाठी लावतं. बरबँक, फ्रूटडेल, अ‍ॅलम रॉकचे काही तुकडे असे आहेत की पत्त्यात सॅन होजे असतं, पण जमीन कुठल्याच शहरात मोडत नाही. अशा भागाला ‘अनइन्कॉर्पोरेटेड’ म्हणतात. स्टॅनफर्ड विद्यापीठाचा परिसरही त्यातच येतो. तिथे बांधकाम परवान्यापासून पोलिसांपर्यंत बहुतेक सगळं काउंटीकडे असतं. काउंटीच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून हद्द पाहता येते. भाड्याने राहत असाल तरी हे एकदा पाहून ठेवा. घर घ्यायचं असेल तर ऑफर देण्याआधी पाहा, कारण मागच्या अंगणात खोली बांधायचा परवाना शहर देणार की काउंटी, यावर नियम आणि वेळ दोन्ही बदलतात.

आता वाटणी. जन्म, मृत्यू आणि लग्नाचे दाखले, मिळकतीची नोंद, मालमत्ता कर, मतदार नोंदणी, सार्वजनिक आरोग्य, हॉटेलांची तपासणी, अन्न आणि आरोग्यविषयक सरकारी मदत, डास-उंदरांचा बंदोबस्त, मोठी उद्यानं ही काउंटीची कामं. कचरा, रस्त्यावरचे खड्डे, पार्किंगचा दंड, शहराच्या हद्दीतले बांधकाम परवाने ही शहराची. ड्रायव्हिंग लायसन्स आणि गाडीची नोंदणी डीएमव्हीकडे, म्हणजे राज्याच्या मोटार वाहन खात्याकडे. सोशल सिक्युरिटी क्रमांक केंद्राकडे. शाळा यातल्या कुणाकडेच नाहीत. त्यांचे वेगळे स्कूल डिस्ट्रिक्ट असतात आणि त्यांच्या सीमा शहराच्या सीमेशी जुळत नाहीत. वीज बहुतेक ठिकाणी पीजी अँड ई या खासगी कंपनीची, मात्र सांता क्लारा शहराची स्वतःची वीज कंपनी आहे.

दोन ठिकाणी नवे लोक हमखास गोंधळतात. पहिलं पोलीस. क्युपर्टिनो, सॅराटोगा आणि लॉस आल्टोस हिल्स या शहरांचं स्वतःचं पोलीस खातं नाही. ती काउंटीच्या शेरीफला कंत्राट देतात. सनीवेलमध्ये पोलीस आणि अग्निशमन मिळून एकच ‘पब्लिक सेफ्टी’ खातं आहे. सॅन होजेत शहराचे पोलीस. म्हणजे क्युपर्टिनोत गाडीची काच फुटली तर अहवाल शेरीफकडे आणि रस्ता ओलांडून सॅन होजेच्या हद्दीत फुटली तर शहर पोलिसांकडे.

दुसरं वाचनालय. क्युपर्टिनो, मिल्पिटास, सॅराटोगा, कॅम्पबेल, लॉस आल्टोस, मॉर्गन हिल, गिलरॉय इथली वाचनालयं काउंटीच्या लायब्ररी डिस्ट्रिक्टची. सॅन होजे, सनीवेल, सांता क्लारा, माउंटन व्ह्यू, पालो आल्टो यांची आपापली. कार्ड वेगवेगळी असतात, पण दोन-तीन कार्डं काढायला काहीच हरकत नाही. वाचनालयाच्या काउंटरवरची माणसं कोणत्याही सरकारी कामासाठी नेमकं कुठे जायचं हे उत्तम सांगतात. अडलात तर तिथेच विचारा.

नंबर शोधताना आणि फोन करताना

शोधयंत्रात ‘बर्थ सर्टिफिकेट सांता क्लारा’ टाकलं की वर जाहिरातीतल्या खासगी कंपन्या दिसतात. त्या तुमचाच अर्ज भरून काउंटीकडे पाठवतात आणि मधले पैसे घेतात. म्हणून पत्त्याचा शेवट ‘डॉट जीओव्ही’ आहे का ते पाहा. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने सगळ्या शहरांना आणि काउंटींना २०२९ च्या सुरुवातीपर्यंत या सरकारी पत्त्यावर यायचं आहे. तोवर काही जुनी खाती ‘डॉट ओआरजी’वर दिसू शकतात. अशा वेळी काउंटीच्या मुख्य पानावरून विभागाच्या यादीत शिरा आणि तिथून पुढे जा. कार्यालयं सगळी एका इमारतीत नाहीत. काउंटीचं मुख्य केंद्र सॅन होजेत वेस्ट हेडिंग स्ट्रीटवर ७० क्रमांकाला आहे, पण तुमचा विभाग तिथेच बसतो असं धरून निघू नका. विभागाच्या स्वतःच्या पानावरचा पत्ता आणि अपॉइंटमेंट लागते का, हे त्याच दिवशी पाहा.

लक्षात ठेवायचे छोटे नंबर थोडेच आहेत. जीव, आग, चालू गुन्हा यासाठी ९११. मानसिक संकटात ९८८. घरभाडं, अन्न, ज्येष्ठांची मदत असं काही हवं असेल आणि विभागच माहीत नसेल तर २११. सॅन होजे शहराच्या तक्रारींसाठी ३११. चुकून ९११ लागला तर फोन ठेवू नका, ‘चुकून लागला’ एवढं सांगा. ठेवलात तर ते उलट फोन करतात आणि कुणी उचलला नाही तर गाडी पाठवू शकतात.

विभागाला फोन करण्याआधी कागद समोर घ्या. घराचं काम असेल तर एपीएन, म्हणजे असेसरने जमिनीच्या तुकड्याला दिलेला क्रमांक. आपल्याकडच्या गट नंबरसारखा. इथे तो ८ आकडी असतो, ३-२-३ अशा गटांत, आणि कराच्या बिलावर छापलेला असतो. एपीएन सांगितला की समोरचा माणूस थेट तुमच्या नोंदीवर पोचतो. पत्ता सांगत बसलात तर ‘स्ट्रीट’ की ‘कोर्ट’ यातच पाच मिनिटं जातात. आडनाव सांगताना अक्षरं सुटी सांगा, कारण व्ही आणि बी, डी आणि टी फोनवर सारखेच ऐकू येतात. बोलणं झालं की समोरच्याचं नाव, तारीख आणि काय ठरलं ते लिहून घ्या. इंग्रजी अडत असेल, विशेषतः आई-वडिलांसाठी बोलत असाल, तर ‘मराठी इंटरप्रिटर’ स्पष्ट मागा. काउंटीच्या आरोग्यसेवेत फोनवरून दुभाषा देण्याची सोय असते. ‘हिंदी चालेल का’ असं विचारलं आणि आईला हिंदी नीट येत नसेल, तर औषधाच्या मात्रेत चूक होऊ शकते. तिथे संकोच नको.

बाळाचा जन्मदाखला

सगळ्यात जास्त फेऱ्या इथेच होतात आणि मूळ चूक बहुधा इस्पितळातच झालेली असते. बाळंतपणानंतर एक-दोन दिवसांत जन्मनोंदणीचा कागद भरायला देतात. झोप नसते, घाई असते. तरी तो कागद दोघांनी अक्षर न् अक्षर वाचून मगच सही करा. बाळाचं मधलं नाव म्हणून वडिलांचं नाव लावायचं का, आईचं नाव लग्नाआधीचं जसं होतं तसंच आलंय का, आईवडिलांची नावं त्यांच्या पासपोर्टशी जुळतात का हे तपासा. कॅलिफोर्नियात नंतर दुरुस्ती केली तर मूळ दाखला बदलत नाही, दुरुस्तीचं पान त्याला जोडलं जातं. दुरुस्तीचा अर्ज राज्याच्या खात्याकडे जातो आणि त्याला महिने लागतात. तोवर पासपोर्ट आणि ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) अडतात.

इस्पितळातून बाळाच्या पावलांचे ठसे असलेलं सुंदर प्रमाणपत्र मिळतं. ते आठवण म्हणून जपा. कायद्याने त्याला किंमत नाही. खरी प्रत काउंटीकडून मागवावी लागते. जन्म अगदी अलीकडचा असेल तर नोंद सार्वजनिक आरोग्य विभागाकडे असते, नंतर ती क्लार्क-रेकॉर्डरकडे, म्हणजे दाखले आणि मिळकतीच्या नोंदी ठेवणाऱ्या काउंटीच्या कार्यालयात मिळते. अर्ज करताना ‘ऑथराइझ्ड’ प्रत मागा. दुसरी ‘इन्फर्मेशनल’ प्रत फक्त माहितीपुरती असते आणि तिच्यावर तसं छापलेलं असतं. ती पासपोर्टला चालत नाही. टपालाने मागवत असाल तर शपथपत्रावर नोटरीचा शिक्का लागतो. तो नसला की अर्ज परत येतो. स्वतः गेलात तर तिथेच शपथेवर सही करून काम होतं. किमान दोन प्रती घ्या, एक अर्जांसाठी आणि एक घरी.

दाखला भारतातल्या कचेरीत दाखवायचा असेल तर त्यावर अपॉस्टिल, म्हणजे दाखला परदेशात खरा मानला जावा यासाठीचं शिक्कामोर्तब, लागतो. तो काउंटी देत नाही. राज्याचं सेक्रेटरी ऑफ स्टेट कार्यालय देतं, सॅक्रामेंटो किंवा लॉस एंजेलिसला. दाखल्यावर कुणाची सही आहे हे तिथे पाहतात. आरोग्य अधिकाऱ्याच्या सहीची प्रत असेल तर आधी काउंटी क्लार्कची साक्ष जोडावी लागू शकते. म्हणून अपॉस्टिल करायचाच असेल तर प्रत मागवतानाच तसं सांगा आणि जमल्यास क्लार्क-रेकॉर्डरच्या सहीची घ्या.

लग्न

भारतात झालेल्या लग्नाची इथे काउंटीत पुन्हा नोंदणी होत नाही. भारतातलं विवाह प्रमाणपत्रच इथे चालतं. ते नसेल तर गावाकडच्या निबंधकाकडून काढून घ्या. इथे लग्न करणार असाल तर दोघांनी मिळून क्लार्क-रेकॉर्डरकडे जायचं, फोटो ओळखपत्र न्यायचं. नागरिकत्वाची किंवा रहिवासाची अट नाही. लायसन्स ९० दिवस चालतं. लग्न लावणाऱ्याने ते भरून १० दिवसांत परत पाठवायचं असतं. मंडळी ओळखीच्या गुरुजींकडून लग्न लावून घेतात आणि तो कागद गुरुजींच्या पिशवीतच राहतो. तो कुणी आणि कधी टपालात टाकायचा हे मंगलाष्टकांच्या आधी ठरवा. नोंद झाल्यावर प्रमाणपत्र आपोआप घरी येत नाही, त्याची प्रत वेगळे पैसे भरून मागवावी लागते.

घर घेतल्यावर येणारी बिलं

मालमत्ता कराचं वर्ष १ जुलै ते ३० जून. पहिला हप्ता १ नोव्हेंबरला देय होतो आणि १० डिसेंबरनंतर थकतो. दुसरा १ फेब्रुवारीला देय, १० एप्रिलनंतर थकलेला. चुकला की १० टक्के दंड. टपालाने चेक पाठवत असाल तर पाकिटावरच्या शिक्क्याची तारीख धरतात. १० तारखेला संध्याकाळी पेटीत टाकलेल्या पाकिटावर ११ चा किंवा त्यानंतरचा शिक्का बसतो आणि दंड लागतो. शेवटच्या दिवसांत पोस्टाच्या काउंटरवर जाऊन समोर हाताने शिक्का मारून घ्या, नाहीतर ऑनलाइन ई-चेकने भरा. क्रेडिट कार्डावर टक्केवारीने शुल्क लागतं आणि हजारो डॉलरच्या बिलावर ते बरंच होतं.

नव्या घरमालकाला खरा धक्का बसतो तो ‘सप्लिमेंटल’ बिलाचा, म्हणजे घराची करपात्र किंमत वाढल्यामुळे येणाऱ्या जादा कराच्या बिलाचा. तो हिशेब नीट समजून घ्या. १९७८ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोझिशन १३ या कायद्यामुळे घराची करपात्र किंमत मालक बदलेपर्यंत वर्षाला जास्तीत जास्त २ टक्क्यांनीच वाढते. जुन्या मालकाच्या नावावर ती ४ लाख डॉलर असेल आणि तुम्ही घर १४ लाखांना घेतलंत, तर फरक १० लाखांचा. दर साधारण १.२ टक्के धरला तर वर्षाचा जास्तीचा कर १२,००० डॉलर. व्यवहार जानेवारीत पूर्ण झाला तर नवी किंमत १ फेब्रुवारीपासून लागू. जूनपर्यंतच्या ५ महिन्यांसाठी त्याचा ०.४२ भाग, म्हणजे सुमारे ५,००० डॉलरचं एक बिल. शिवाय १ जानेवारी ते ३१ मे या काळात घर घेतलं तर पुढच्या पूर्ण वर्षाच्या फरकाचं दुसरं बिलही येतं, म्हणजे आणखी १२,०००. नेहमीचं वार्षिक बिल याहून वेगळं.

ही सप्लिमेंटल बिलं थेट मालकाच्या नावाने येतात. कर्ज देणारी बँक दर महिन्याला हप्त्याबरोबर कराचे पैसे कापत असली तरी सहसा ती ही बिलं भरत नाही. ‘बँक बघेल’ म्हणून पाकीट बाजूला ठेवणाऱ्यांना दंड भरावा लागतो. घर घेतानाच हा हिशेब करून रक्कम वेगळी काढून ठेवा. बिल यायला काही महिने लागतात आणि तोवर ते पैसे फर्निचरमध्ये गेलेले असतात.

त्याच घरात स्वतः राहत असाल तर असेसरकडे ‘होमओनर्स एक्झेम्प्शन’चा, म्हणजे करसवलतीचा, अर्ज १५ फेब्रुवारीपर्यंत द्या. करपात्र किंमत ७,००० डॉलरने कमी होते, म्हणजे वर्षाला ७० डॉलरच्या आसपास वाचतात. रक्कम लहान आहे, पण अर्ज फुकट आहे आणि एकदाच करायचा आहे. यासाठी पैसे मागणारं पत्र आलं तर ते फाडून टाका. घर नावावर झाल्यावर ‘तुमच्या डीडची (खरेदीखताची) प्रत मागवा’ अशीही सरकारी दिसणारी पत्रं येतात आणि शंभरभर डॉलर मागतात. तीच प्रत रेकॉर्डरकडे थोडक्या डॉलरांत मिळते.

मतदान आणि ज्यूरीचं पाकीट

मतदार नोंदणी काउंटीचा रजिस्ट्रार ऑफ व्होटर्स करतो. हक्क फक्त नागरिकांना आहे. डीएमव्हीत लायसन्सचा अर्ज भरताना नोंदणीचा प्रश्न येतो. एच-१बी, एच-४ व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असाल तर ‘नागरिक आहात का’ याला ‘नाही’ म्हणा आणि पुढचं पान वाचल्याशिवाय बटण दाबू नका. चुकून झालेली नोंदणीही पुढे नागरिकत्वाच्या वेळी फार महागात पडू शकते. झाली असेल तर गप्प राहू नका, वकिलाला विचारून लगेच रद्द करून घ्या.

ज्यूरीसाठी, म्हणजे खटल्यात निवाडा देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळासाठी, बोलावणं सुपीरियर कोर्टाकडून येतं. नावं डीएमव्हीच्या यादीतूनही घेतात, म्हणून नागरिक नसलेल्यांनाही ते येतं. पाकीट फेकू नका. ‘नागरिक नाही’ ही खूण करून कागदावर दिलेल्या मार्गाने उत्तर द्या. ‘ज्यूरीला आला नाहीत, अटक होईल, गिफ्ट कार्डाने पैसे भरा’ असा शेरीफच्या नावाने फोन आला तर तो नक्की भामट्याचा. कोर्ट असे पैसे मागत नाही.

घरमालकाने डिपॉझिट अडवलं तर घर सोडल्यापासून २१ दिवसांत त्याने रक्कम किंवा कपातीचा तपशील द्यायला हवा. नाहीच दिला तर लहान रकमांच्या दाव्यांसाठीचं स्मॉल क्लेम्स कोर्ट आहे. व्यक्तीला १२,५०० डॉलरपर्यंतचा दावा वकिलाशिवाय करता येतो आणि त्यासाठी फुकट सल्ला देणारी सेवा काउंटीत असते. दावा लिहिण्याआधी त्यांच्याशी बोला, कारण प्रतिवादीचं नाव चुकलं की निकाल लागूनही वसुली होत नाही.

चकल्या, कढीपत्ता आणि जुना रंग

दिवाळीला घरून लाडू, चिवडा, चकल्या विकायच्या असतील तर २०१३ पासून राज्यात ‘कॉटेज फूड’चा कायदा आहे. नोंदणी काउंटीच्या पर्यावरण आरोग्य विभागाकडे. थेट गिऱ्हाइकाला विकणार असाल तर वर्ग अ, दुकानातही ठेवणार असाल तर वर्ग ब, ज्यात स्वयंपाकघराची तपासणी होते. फक्त न नासणारे, राज्याच्या यादीत बसणारे पदार्थ चालतात. श्रीखंड, ओल्या नारळाच्या करंज्या, पुरणपोळी यादीत बसतील असं गृहीत धरू नका, प्रत्येक पदार्थ विभागाला विचारून घ्या. एच-४ वर असाल आणि कामाचा परवाना नसेल, तर आधी इमिग्रेशन वकील, मग नोंदणी.

कढीपत्त्याचं रोप भारतातून आणू नका आणि इथलं रोप दुसऱ्या काउंटीतल्या मैत्रिणीला भेट देण्याआधी काउंटीच्या कृषी आयुक्त कार्यालयाला विचारा. कढीपत्ता लिंबूवर्गातला आहे. त्यावर एशियन सिट्रस सिलिड हा बारीक किडा पोसला जातो आणि तो संत्र्या-लिंबांची झाडं मारणारा रोग पसरवतो. त्यासाठी इथे क्वारंटाइनची बंधनं आहेत. कोवळ्या पानांवर पांढरे, मेणासारखे वळलेले धागे दिसले तर फांदी कापून शेजाऱ्याला दाखवायला नेऊ नका. जागेवरच फोटो काढा आणि कार्यालयाला फोन करा.

जुना रंग, ट्यूबलाइट, बॅटऱ्या, कीटकनाशकं कचऱ्याच्या डब्यात टाकणं बेकायदा आहे. काउंटीच्या घातक कचरा केंद्रात अपॉइंटमेंट घेऊन द्या. बहुतेक शहरांच्या रहिवाशांना ते फुकट आहे. पालो आल्टोची सोय वेगळी आहे. एका खेपेत १५ गॅलन किंवा १२५ पौंडांपेक्षा जास्त नेता येत नाही. डबे मूळ झाकणासह उभे ठेवा, गळका डबा दुसऱ्या बादलीत. अंगणातल्या हौदात डास होत असतील तर काउंटीचं व्हेक्टर कंट्रोल (डास-उंदरांचा बंदोबस्त करणारं खातं) डासांच्या अळ्या खाणारे मासे फुकट देतं.

काम अडलं तर

आधी विभागातल्या वरिष्ठाला लेखी मेल करा. एपीएन किंवा अर्ज क्रमांक, तारखा आणि काय हवं ते पाच ओळींत. आठवडा-दोन आठवड्यांत हललं नाही तर तुमच्या भागातून निवडून आलेल्या काउंटी सुपरवायझरच्या कार्यालयाला तोच मेल पुढे पाठवा. पत्ता टाकला की तुमचा डिस्ट्रिक्ट कोणता ते कळतं. रहिवाशांच्या अडचणी बघणारी माणसं तिथे नेमलेली असतात. मतदार नसलात तरी तुम्ही रहिवासी आहात. मंडळाच्या नियमित सभेचा अजेंडा किमान ७२ तास आधी लावावा लागतो आणि सभेत कुणालाही बोलता येतं.

कागदच हवे असतील तर पब्लिक रेकॉर्ड्स अ‍ॅक्टखाली मागा. आपल्या माहिती अधिकारात ३० दिवसांची मुदत आहे. इथे कागद देणार की नाही हे १० दिवसांत कळवावं लागतं, पण प्रत्यक्ष कागद यायला जास्त वेळ जाऊ शकतो. नागरिकत्व लागत नाही, कारण सांगावं लागत नाही. ‘सगळी माहिती द्या’ असं लिहिलंत तर अर्ज खुलासे मागत फिरत राहतो. ‘अमुक एपीएनवर जानेवारी ते जून या काळात झालेल्या तपासण्यांचे अहवाल’ एवढं नेमकं लिहा.